रांगेच्या टोकाचा गडी

सप्टेंबर संपत आला की आमच्या कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये संध्याकाळच्या हवेला एक वास येतो. ओल्या गवताचा, कुजायला लागलेल्या मॅपलच्या पानांचा, आणि गावाबाहेरच्या शेतांत मका कापताना उठणाऱ्या धुळीचा. दुधाच्या लॅबमधली माझी शिफ्ट संपली की या दिवसांत मी बस एक स्टॉप आधीच सोडते आणि हायस्कूलच्या मैदानाला वळसा घालून घरी येते. जाळीच्या कुंपणापलीकडे फुटबॉलची प्रॅक्टिस चाललेली असते. शिट्टी वाजते, पोरं एकमेकांवर धडकतात, खांद्यांवरची पॅड्स खाडकन वाजतात. आता त्या मैदानावर माझं कुणी नाही. तरी पाय थांबतातच.

यंदाही थांबले. एक उंच, किडकिडीत पोरगा रांगेच्या टोकाला उभा होता आणि त्याचे हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वाऱ्यानं पानं जाळीला येऊन चिकटत होती. आणि चार वर्षांपूर्वीचा फॉल, इथला पानगळीचा ऋतू, मला आठवायला लागला, आमचा शंतनू बारावीत होता तेव्हाचा.

इथला फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा नव्हे. हे मी इस्लामपूरला माझ्या भावाला फोनवर समजावून सांगितलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "बॉल काखेत घालून पळायचं आणि म्हणायचं फुटबॉल? काय तरीच तुमचं." शंतनू त्यात टाइट एंड खेळायचा. समोर पाचजणांची एक भिंत असते, वजनदार पोरांची. त्यांचं काम अडवायचं. त्यांनी बॉल झेलायचा नाही. दूर कडेला चपळ पोरं असतात, ती पळतात आणि झेलतात, त्यांची नावं लाऊडस्पीकरवर घेतली जातात. आणि भिंतीला चिकटून, रांगेच्या टोकाला एक गडी उभा असतो. त्यानं कधी भिंत व्हायचं आणि कधी भिंतीतून सुटून पळायचं, बॉल झेलायचा. तो टाइट एंड. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये मैदान मोठं आणि बॉल पुढे न्यायच्या संधी कमी, त्यामुळे जो तो लांब बॉल फेकायच्या मागे. पुष्कळ टीम हा गडी ठेवतच नाहीत.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण मी कबड्डी खेळलेय. इस्लामपूरच्या कॉलेजात मी डावा कोपरा सांभाळायचे. आमच्या सरांचं सगळं लक्ष चढाई करणाऱ्या मुलींवर. गुण त्या आणायच्या, पेपरात नाव त्यांचं यायचं. पकड करणाऱ्यांना सर एवढंच सांगत, "सोडू नका गं." कसं सोडायचं नाही, ते मला शिकवलं शुभांगीताईनं. ती आमच्यापेक्षा मोठी, लग्न होऊन गावातच राहिलेली. संध्याकाळी मैदानाकडेनं जाताना थांबायची, पदर खोचायची आणि माझ्या घोट्याला हात लावून म्हणायची, "वजन हितं नाही, हितं. टाच उचलली की मेलीस." तिच्याआधी चार वर्षं मी खेळत होते. पण खेळ मला कळायला लागला तो तिच्यापासून.

तर त्या फॉलमध्ये आमच्या घरात सारखा शंतनूचा फोन वाजत असे. कॉलेजांचे कोच मुलं शोधायला लागले होते. त्याच्या शाळेच्या मॅचचे व्हिडिओ बघून मेसेज यायचे. कुणी त्याच्या फोटोवर विजा चमकवून पाठवायचा, कुणी लिहायचा, वी लव्ह यू, शॅन. शंतनूचा शॅन केव्हाच झाला होता. जेवताना तो फोन ताटाशेजारी पालथा ठेवायचा आणि तो थरथरला की त्याचं अर्धं लक्ष तिकडे. शिरीष, माझा नवरा, त्याचं ऑफिस रिचमंड हिलला. चारशे एक नंबरच्या हायवेच्या ट्रॅफिकमधून थकून आलेला असायचा, पण आल्या आल्या पहिला प्रश्न, "आज कोणाचा मेसेज?" मुलगा अमेरिकेत स्कॉलरशिपवर शिकावा हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. त्याला स्वतःला वीस वर्षांपूर्वी अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही म्हणून आम्ही इकडे आलो होतो.

ऑक्टोबरात आम्ही सरहद्दीपलीकडच्या एका कॉलेजात गेलो. बोलावणंच आलं होतं. मी एवढं मोठं स्टेडियम तोवर टीव्हीवरच पाहिलं होतं. बोगद्यातून मैदानावर नेताना त्यांनी आमच्यासाठी गाणं लावलं. शंतनूला पूर्ण युनिफॉर्म घालायला दिला, निळे दिवे लावलेल्या खोलीत त्याचे फोटो काढले. पोरगा इतका देखणा दिसत होता की माझेच डोळे भरून आले. आम्हाला फिरवणारा कोच टायलर तरुण होता, हसरा होता, आणि त्याला आमची तिघांची नावं पाठ होती. शिरीषला त्यानं "बिग गाय" म्हटलं. शिरीष पाच फूट सहा इंच आहे. तो दिवसभर खूश होता.

निघताना मी विचारलं, "तुमच्याकडे टाइट एंडना कोण शिकवतं?"

"ग्रेट क्वेश्चन!" टायलर म्हणाला. "सध्या ती जागा रिकामी आहे. भिंतीचे कोच थोडं बघतात, झेलणाऱ्यांचे कोच थोडं बघतात. वी आर अ फॅमिली हिअर."

परतताना पुलावर गाड्यांची लांब रांग होती. खाली नदीचं पाणी करडं दिसत होतं. शिरीष स्टीअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "काय फॅसिलिटी आहे यार! जिम बघितलीस?" मी बघितली होती. मागे शंतनू स्वतःचे फोटो बघत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आई, व्हाय डिड यू आस्क दॅट?" मी म्हटलं, "सहज." पण ते सहज नव्हतं. निळ्या दिव्यांच्या त्या खोलीत उभी असताना मला शुभांगीताईचा हात माझ्या घोट्यावर जाणवला होता. या सगळ्या थाटात माझ्या पोराच्या टाचेकडे कोण बघणार?

त्यानंतरच्या रविवारी दुपारी कोच लिओ आले. हॅलिफॅक्सच्या एका लहान विद्यापीठाच्या टीमचे, फक्त टाइट एंडचे कोच. रिमझिम पाऊस पडत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, खांदे दारात मावेनात एवढे, आणि गुडघे मात्र गेलेले. बूट काढायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ते दिवसा शाळेत भूगोल शिकवत आणि उरलेल्या वेळात हे करत. मी मक्याची भजी केली होती. ती त्यांनी केचपबरोबर खाल्ली आणि न लाजता पुन्हा मागितली.

त्यांनी फोटो आणले नव्हते की टी-शर्ट आणला नव्हता. लॅपटॉप उघडला आणि शंतनूच्याच एका मॅचचा व्हिडिओ लावला. मला वाटलं, त्यानं झेललेला एखादा सुंदर बॉल दाखवतील. तर त्यात बॉल मैदानाच्या पार पलीकडच्या बाजूला होता. शंतनू अलीकडे, कमरेवर हात ठेवून उभा.

"इथं तू काय करतोयस?" कोचनी विचारलं.

"नथिंग. प्ले तिकडे होता."

"बरोबर. आता हा बघ." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा तुझ्या समोरचा गडी. तू त्याला सोडलंस, तो तिरका पळत गेला, आणि तुमच्या पोराला पाडलं कुणी? यानंच."

शंतनूचे कान लाल झाले. मग कोच उठले. गुडघ्यावर हात दाबून उठले आणि म्हणाले, "उभा राहा. पहिलं पाऊल दाखव."

सोफा आणि टीव्हीच्या मध्ये शंतनू वाकून उभा राहिला. त्यानं पाऊल टाकलं. "मोठं," कोच म्हणाले. पुन्हा टाकलं. "अजून मोठं आहे. एवढंच टाक, वीतभर. मोठं पाऊल टाकलंस की एक पाय हवेत. हवेतल्या पायानं कुणाला अडवता येत नाही." शिरीषनं मुकाट्यानं चहाचं टेबल उचलून बाजूला ठेवलं. दोघं त्या जागेत किती वेळ ते एकच पाऊल टाकत होते कुणास ठाऊक. कोपऱ्यातला दिवा हलत होता. चहा गार झाला. शेवटी एकदा शंतनूनं पाऊल टाकलं आणि कोच नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"नं माझ्या पोराचा चेहरा असा उजळला की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

जाताना दारात मी त्यांना म्हटलं, "कोच, तुम्ही त्याच्याबद्दल एकही चांगला शब्द बोलला नाहीत."

"मिसेस कदम, चांगलं बोलणारे पुष्कळ येतील," ते म्हणाले. "त्याच्यात काही दिसलं नसतं तर मी विमानात बसलो नसतो. तो किती बॉल झेलेल, हे मी नाही सांगू शकत. आपण जिथं उभे आहोत तिथं का उभे आहोत, हे त्याला कळेल. तेवढं सांगतो."

गाडी गेल्यावर शिरीष म्हणाला, "सेल्समन म्हणून झीरो माणूस." पण तोही हसत होता.

त्या फॉलचे पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मागच्या अंगणातली पानं रोज गोळा करायची आणि सकाळी पुन्हा तेवढीच. शनिवारी स्टीलच्या बाकांवर ब्लँकेट अंथरून मॅच बघायची, हातात थर्मासमधला आल्याचा चहा. शंतनूला बेसमेंटमध्ये एकटं पाऊल टाकताना ऐकायचं, थप, थप, थप. वर भाजी फोडणीला टाकता टाकता मी त्या आवाजावरून ओळखायला लागले होते, कुठलं पाऊल मोठं पडलं ते.

नोव्हेंबरात टायलरच्या कॉलेजनं स्कॉलरशिपची जागा देऊ केली. त्याच आठवड्यात एक दिवस जेवताना शंतनू म्हणाला, "आय वॉन्ट टू गो टू हॅलिफॅक्स."

शिरीषनं घास खाली ठेवला. "अमेरिकेची सीट सोडून? का?"

"बिकॉज ऑफ कोच लिओ."

"अरे, कॉलेज काय माणसासाठी निवडतात का? माणूस उद्या सोडून गेला तर? बिल्डिंग तरी राहते जागेवर."

शंतनू माझ्याकडे बघायला लागला. शिरीषचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे मूल कॉलेजात घालताना आधी कॉलेजचं नावच विचारतात. शिकवणारा कोण हे तिथं गेल्यावर कळतं, आणि कधी कधी कळतच नाही. मी शिरीषला शुभांगीताईची गोष्ट सांगितली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, तरी ती मी त्याला कधी सांगितली नव्हती. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हॅलिफॅक्स फार लांब आहे गं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याची अडचण अमेरिकेची राहिलीच नव्हती. बफेलोच्या पुढचं ते अमेरिकेतलं कॉलेज गाडीनं काही तासांत गाठता आलं असतं.

शंतनूनं हॅलिफॅक्सला होकार कळवला.

फेब्रुवारीत, रात्रभर बर्फ पडून गेलेल्या एका शनिवारी सकाळी कोच लिओंचा फोन आला. शंतनूनं तो स्पीकरवर टाकला. त्यांचे मुख्य कोच दुसरीकडे गेले होते. नवे आले होते, त्यांच्या खेळात टाइट एंड नव्हता. गडी नाही तर त्याचा कोच तरी कशाला? लिओंना नारळ मिळाला होता.

"तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा सावकाश. "तुला जागा आहे. ते तुला भिंतीत खेळवतील. पण तू माझ्या शब्दावर हो म्हणालास, आणि माझा शब्द आता माझ्या हातात नाही. टाइट एंड ठेवणाऱ्या दोन टीम मला माहीत आहेत. त्यांच्याशी मी काल बोललोय. त्यांच्याकडे जायचं तर जा, मला वाईट वाटणार नाही."

अमेरिकेची जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती.

फोन ठेवल्यावर शंतनू उठला. जॅकेट चढवलं, फावडं घेतलं आणि बाहेर गेला. शिरीष आधीच बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होता. मी खिडकीतून बघत होते. शंतनूनं त्याला सांगितलेलं मला दिसलं. शिरीषचं फावडं थांबलं. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत नव्हतो? त्यानं फावडं पुन्हा बर्फात घातलं. दोघं बाजूबाजूला उभे राहून बर्फ काढायला लागले. आमचा ड्राइव्हवे संपला, तसे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा काढला, मग त्यापलीकडचा. आत आले तेव्हा दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शिरीष म्हणाला, "तू ठरव. मी गाडीनं सोडायला येईन, कुठंही."

शंतनू चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला.

"आई," तो म्हणाला, "ही स्टिल लिव्ह्ज देअर."

"काय?"

"कोच. त्यांचा जॉब गेला. पण ते राहतात तर तिथंच ना?"

हॅलिफॅक्सचं पहिलं वर्ष वाईट गेलं, हे तो आता सांगतो. तेव्हा फोनवर "इट्स फाइन"च्या पुढे जात नसे. वजन वाढवायला सांगितलं होतं, त्यामुळे सारखं खायचं. मॅचच्या दिवशी युनिफॉर्म घालून कडेला उभं राहायचं. रविवारी मात्र तो फेरीबोटीत बसून बंदर ओलांडायचा आणि पलीकडे डार्टमथला जायचा. तिथल्या शाळेत कोच लिओ आता मुलींच्या फ्लॅग फुटबॉलची, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेची फीत ओढायच्या खेळाची, टीम शिकवत होते. मुलींची प्रॅक्टिस संपली की ते शंतनूबरोबर थांबत. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, शंतनूला तरी कुणी सांगितलं होतं?

त्याच्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी एकटीच हॅलिफॅक्सला गेले. शिरीषला काम होतं. रविवारी शंतनूनं मला फेरीत बसवलं. पाण्यावर धुकं होतं. मागे शहर दिसेना आणि पुढचा धक्काही दिसेना. मधेच नौदलाच्या एका करड्या जहाजाचं नाक धुक्यातून बाहेर आलं आणि परत आत गेलं. शंतनू रेलिंगला टेकून उभा होता. मानेनं, खांद्यांनी तो दुप्पट झाला होता. मी विचारलं, "कंटाळा नाही येत रे? मॅचमध्ये जे खेळायचंच नाही ते दर रविवारी शिकायचं?"

तो हसला. "आई, वन आवर अ वीक कुणीतरी खरं सांगतं. बाकी सगळे बिझी असतात."

मैदान शाळेच्या मागे, उतारावर होतं. मुली घरी निघाल्या होत्या. कोचनी मला ओळखलं आणि आधी भज्यांची चौकशी केली. त्या दिवशी फोमची ढाल धरायला येणारा त्यांचा पुतण्या आला नव्हता. ढाल धरून एकानं उभं राहायचं आणि शंतनूनं त्याला रेटायचं, असा तो सराव. कोचचे गुडघे त्या लायकीचे राहिले नव्हते.

"मी धरते," मी म्हटलं.

"आई, नो. प्लीज."

"जोरात नको येऊस, म्हणजे झालं."

मी ढाल घेतली. ओढणी नव्हतीच, जॅकेटची चेन वर ओढली. आणि कसं कोण जाणे, इतक्या वर्षांनी पाय आपोआप बसले. कंबर खाली, वजन पुढच्या पंज्यावर, टाचा जमिनीवर. शंतनू बिचकत आला, ढालीला नुसता लागला आणि थांबला. मी जागची हलले नाही. कोच पुढे आले. ढालीकडे नाही, माझ्या बुटांकडे बघत होते.

"मिसेस कदम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शुभांगीताईनं," मी म्हटलं. मग त्यांना कबड्डी म्हणजे काय ते सांगावं लागलं. एकानं श्वास धरून समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, आणि आपण कोपऱ्यात उभं राहून त्याचा पाय धरायचा. त्यांनी एकेक गोष्ट नीट विचारून घेतली, पकड करणारा आधी कुठं बघतो, डोळ्यांकडे की पायांकडे. "कमरेकडे," मी सांगितलं. "डोळे फसवतात." ते शंतनूकडे वळले. "ऐकलंस?" मग दुसऱ्यांदा शंतनू खरा आला. मी पार मागे जाऊन ओल्या गवतावर बसले. तिघंही इतके हसलो की उतारावरून कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबून बघायला लागली.

परतीच्या फेरीत माझा खांदा ठणकत होता. शंतनू म्हणाला, "यू नेव्हर टोल्ड मी यू वेअर गुड." मी खांदा चोळत राहिले. धुकं निवळलं होतं आणि दोन्ही किनारे आता स्वच्छ दिसत होते.

माणसाला त्याच्या कामाची किंमत कशी मिळते, हे मला अजूनही नीट समजलेलं नाही. टाइट एंडचा कोच ही टीममधली अशी जागा, जी काढून टाकली तर लगेच कुणाला काही जाणवत नाही. मॅच होतात, बॉल फेकले जातात, कुणी ना कुणी जिंकतं. न शिकलेलं काय ते दिसत नाही. आमच्या लॅबमध्येही तसंच आहे. चांगलं दूध चांगलं निघालं तर त्याची बातमी होत नाही.

तिसऱ्या वर्षीच्या फॉलमध्ये त्यांच्या टीमची दोन झेलणारी पोरं लागोपाठ जखमी झाली. थंडी, जोराचा वारा, बॉल हवेत राहीना. पुढच्या मॅचमध्ये अगदी शेवटच्या रेषेजवळ येऊन ते अडकले, आणि ऑफेन्सच्या, म्हणजे चढाईच्या कोचनी शंतनूला भिंतीतून काढून रांगेच्या टोकाला उभं केलं. आम्ही दोघं घरी लॅपटॉपवर बघत होतो. चित्र अडखळत होतं. बॉल घेऊन एक पोरगा शंतनूच्या बाजूनं आत घुसला आणि रेषेपार गेला. कॉमेंटेटरनं त्या पोराचं नाव दोनदा घेतलं. सगळे त्याच्या अंगावर जाऊन पडले. शंतनू त्या ढिगाऱ्यात कुठेच नव्हता. तो अजून आपल्या गड्याला धरून मैदानाच्या कडेला होता.

शिरीष खुर्चीतून उठला होता. "बघितलंस?" तो ओरडला. "वैशाली, पाऊल बघितलंस त्याचं? वीतभर! वीतभर टाकलं!" आणि व्हिडिओ मागे नेऊन त्यानं मला ते परत दाखवलं, मग आणखी एकदा. पाचशे लोकांच्या त्या स्टेडियममध्ये ते पाऊल कुणाला दिसलं असेल नसेल. पण बाकांच्या वरच्या रांगेत एक माणूस नक्की होता, कारण संध्याकाळी शंतनूच्या फोनवर मेसेज आला. त्यात एकच शब्द होता, इंग्रजीतलं "हं".

त्यानंतर ते त्याला त्या जागी वरचेवर खेळवायला लागले. सीझन संपल्यावर मुख्य कोचनी मुलांना एकेकटं बोलावून विचारलं, पुढच्या वर्षासाठी काय हवं? कुणी नवी जिम मागितली, कुणी प्रवासात चांगलं जेवण मागितलं. शंतनू म्हणाला, टाइट एंडचा कोच. त्यांना वाटलं हा स्वतःसाठी मागतोय. म्हणाले, "तुझं तर एकच वर्ष राहिलंय." शंतनू म्हणाला, "माझ्यासाठी नाही. मला आहे."

वसंतात कोच लिओ परत आले. मुलींच्या टीमची शनिवार सकाळ सोडणार नाही, या अटीवर.

आणि आता हा फॉल. शंतनूचा शेवटचा. कॉलेज संपल्यावर पुढे काय, हे अजून ठरलेलं नाही. शिक्षकाच्या कोर्सला अप्लाय करतोय एवढं म्हणतो. विंटर टायर्स या वर्षी शिरीषनं लवकर बसवून घेतले, कारण आम्ही दोघं थँक्सगिव्हिंगला गाडीनं हॅलिफॅक्सला जायचं ठरवलं होतं. लांबचा रस्ता, पण वाटेत न्यू ब्रन्सविकचे डोंगर लाल-पिवळ्या पानांनी असे पेटले होते की तो मधे मधे गाडी थांबवून उतरायचा आणि नुसता उभा राहायचा.

पोचलो त्या दुपारी प्रॅक्टिस चालू होती. ऊन होतं, पण समुद्रावरून गार वारा. कुंपणाशी आणखी काही आई-बाप होते. नव्या पोरांचे, चेहऱ्यांवरूनच ओळखू येत होते. टाइट एंडची रांग मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात. यंदा पहिल्या वर्षाची दोन मुलं घेतली होती. त्यातला एक, लांब हातांचा, पुन्हा पुन्हा चुकत होता. कोच लिओ त्याच्यासमोर गुडघा धरून वाकले आणि त्याच्या घोट्याला हात लावून काहीतरी सांगायला लागले. मुलगा मान हलवत होता. त्याची आई आमच्याशेजारीच उभी होती. तिनं जाळी घट्ट धरली होती.

"हा माणूस त्याला सारखा रागावतोय का?" तिनं मला इंग्रजीत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शिकवतोय."

शंतनू त्यांच्यापासून थोडा दूर हेल्मेट काढून उभा होता. पाण्याची बाटली तोंडाला लावली होती, डोळे त्या मुलाच्या पायांवर. आम्ही आलोय हे त्याला अजून दिसलं नव्हतं. शिरीषनं हाक मारायला हात वर केला. मी तो धरून खाली घेतला. मुलानं पाऊल टाकलं. कोचनी बोटानं पुन्हा अशी खूण केली. त्यानं पुन्हा टाकलं. शंतनूनं बाटली गवतावर ठेवली, पुढे आला, मुलाच्या समोर कंबर खाली घालून उभा राहिला आणि हातानं त्याला म्हणाला, ये.